ड्रमवर ठेवलेला हात

माणसाने दाणा आणि भुसा वेगळा करायला घेतला त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला, असं माझं मत आहे. नांगर, चाक, लिपी, राजेमहाराजे हे सगळं त्यानंतरचं. उभं पीक काय, चिमण्यासुद्धा खातात. पण दाणा न फोडता बाहेर काढायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं हा विवेक फक्त माणसाचा. ही संस्कृती सध्या मुलुंड पश्चिमेच्या एका औद्योगिक वसाहतीत, बाटल्यांची झाकणं बनवणारा गाळा आणि लग्नपत्रिका छापणारा गाळा यांच्या मधोमध चालू असते. जेवणाच्या सुट्टीत बंद.

आम्ही कम्बाइन हार्वेस्टरचे मळणीचे ड्रम बनवतो. हार्वेस्टर म्हणजे शेतातून चालत जाणारं ते अवाढव्य यंत्र, जे पुढून पीक कापतं आणि पोटात मळतं. त्या पोटात आमचा ड्रम असतो. आकाराने पिंपाएवढा, अंगावर खाचांच्या पोलादी पट्ट्या, गरागरा फिरणारा. त्याच्याखाली अर्धगोल जाळी. पीक या दोघांच्या मधून घासत जातं, दाणा जाळीतून खाली पडतो आणि काड मागून बाहेर जातं. सगळं कसब दोन गोष्टींत आहे. ड्रम किती जोरात फिरवायचा, आणि ड्रम नि जाळी यांच्यात फट किती ठेवायची. गव्हाला वेग लागतो आणि फट बारीक लागते, कारण गहू आपला दाणा सहजासहजी सोडत नाही. सोयाबीनला किंवा हरभऱ्याला तसं वागवलं तर पोत्यात थेट डाळ पडते. म्हणून पीक बदललं की ड्रम नव्याने लावायचा. 'लावायचा' हाच शब्द आम्ही वापरतो, तंबोरा लावतात तसा. ही उपमा माझी नाही, त्याची आहे. मला ती सुचली नाही याचा राग अजून गेलेला नाही.

तो म्हणजे माझा सहकारी. आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच डिप्लोमावर, आणि बरीच वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्याचं लहानपण लालबागला गेलं, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर बोरिवलीला हललं. मूळ गाव मालवणकडचं. माझं सगळं मुलुंडचंच, आजोबांपासून. हे सांगायचं कारण असं, की पाहुणे आले की तो हळू आवाजात म्हणतो, "माझे आजोबा खळ्यात भात झोडायचे," आणि पाहुणे गंभीर होतात. माझे आजोबा पोस्टात मनीऑर्डरींवर शिक्के मारायचे. मळणीच्या संदर्भात याचा काही उपयोग होत नाही.

गाळ्याच्या मागच्या बाजूला आमची चाचणीची जागा आहे. लोखंडी सांगाड्यावर एक ड्रम, खाली जाळी, बाजूला मोटर आणि फेरे कमी-जास्त करायचा डायल. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून टेम्पोने पिकाच्या पेंढ्या येतात आणि पोटमाळ्यावर रचून ठेवल्या जातात. पेंढी ड्रममध्ये सोडायची, खाली परातीत पडलेले दाणे बघायचे, मागे गेलेल्या काडात दाणे राहिलेत का ते बघायचं, पुन्हा फट बदलायची. फुटके दाणे निवडायला सगळे परातीभोवती बसतात, हिशेब बघणाऱ्या बाईंपासून वॉचमनपर्यंत. झाकणंवाल्यांच्या गाळ्यातून बघणाऱ्याला वाटतं, आमच्याकडे कायम कुणाचं तरी लग्न निघालेलं असतं.

माझी पद्धत अशी, की मी फीलर गेज घेतो. पत्त्यांसारख्या पातळ पोलादी पट्ट्या असतात, त्या फटीत एकेक सरकवून बघायच्या. जी अडकत अडकत जाते ती आपली फट. मग फेरे मोजायचे, लिहायचे, पुढची पेंढी. बघण्यासारखं यात काही नाही, आणि कोणी बघतही नाही.

त्याची पद्धत वेगळी. तो ड्रमच्या बाहेरच्या पत्र्यावर उजव्या हाताचा तळवा ठेवतो. डोळे मिटतो. मोटर चालू असते, पत्रा थरथरत असतो, पेंढी आत जात असते. तो मान किंचित वाकडी करतो. मग डाव्या हाताची दोन बोटं खाली करतो, म्हणजे फेरे उतरवा. किंवा वर करतो. मग एक क्षण असा येतो की तो डोळे उघडतो आणि म्हणतो, "हां. आता बोलायला लागला."

आमचे शेठ पहिल्यांदा हे बघून तिथेच उभे राहिले. "अरे क्या बात है," ते म्हणाले. "ह्याचा हात आहे का स्टेथोस्कोप?"

तेव्हापासून तो 'ड्रमचा डॉक्टर' झाला. पाहुणे आले की शेठ त्यांना थेट मागे घेऊन जातात. चहा आधी त्याच्याकडे जातो. वॉचमन त्याला सलाम करतो आणि मला "आज लवकर?" असं विचारतो, मी वेळेवर आलो तरी.

मी शांतपणे एकदा एक प्रयोग केला. तो जेवायला गेला असताना मीही मोटर चालू करून पत्र्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. हात थरथरला. आणखी काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा हिशेबाच्या बाई समोर उभ्या होत्या. "चक्कर आली का?" त्यांनी विचारलं.

त्याचा हात खोटा होता असं म्हणायला मला फार आवडेल. पण तो हात ज्या आकड्यावर थांबायचा, माझं गेज साधारण त्याच आकड्यावर यायचं. कधी मी आधी, कधी तो. दोघांचं उत्तर एकच असताना टाळ्या फक्त त्याला पडायच्या, आणि खरं दुःख तिथेच होतं. तो चुकत असता तर मी सुखी माणूस झालो असतो.

घरीही सुटका नव्हती. कोणा पाहुण्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत माझ्या बायकोच्या शाळेच्या ग्रुपवर आला. ती शिक्षिका आहे. संध्याकाळी तिने मला फोन दाखवला.

"अरे, हा तुझ्यासमोर बसतो तोच ना? काय मस्त करतो रे. एकदम तल्लीन."

"हात ठेवून उभा आहे नुसता."

"नाही, पण चेहऱ्यावर बघ ना काहीतरी आहे."

"मिशी आहे."

"तू पण करतोस हे?"

"मी मोजतो."

"अच्छा," ती म्हणाली आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. व्हिडिओच्या कडेला टेबलाशी वाकलेली एक पाठ दिसते. ती माझी. बायकोने ती ओळखली नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमची कंपनी तोवर बाहेरच्या मोठ्या कारखान्यांसाठी गव्हाचे आणि भाताचे ड्रम बनवायची. आकडे त्यांचे, लोखंड आमचं. त्या वर्षी शेठनी ठरवलं की आपला स्वतःचा ड्रम-जाळीचा संच काढायचा, जुन्या हार्वेस्टरला बसेल असा, आणि सोबत प्रत्येक पिकाचा तक्ता द्यायचा: सोयाबीनला एवढे फेरे, एवढी फट, हरभऱ्याला एवढे. आणि गावोगावच्या चालकांना हे शिकवायला एक प्रशिक्षण विभाग. त्याला एक प्रमुख.

ती जागा मला हवी होती. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे निःस्पृह वाटलो तर कोणी विश्वास ठेवू नये. तक्ता मी लिहीत होतो, माहितीपुस्तिका मी लिहीत होतो. शिकवायला माहिती असलेला माणूस लागतो अशी माझी भाबडी समजूत होती.

सोयाबीनला आम्ही पहिल्यांदाच हात घालत होतो. दसऱ्याच्या सुमारास पेंढ्या आल्या, पोटमाळ्यावर चढल्या. चाचणीला घेतल्या तेव्हा काही दिवस होऊन गेले होते. पुस्तकात सोयाबीनबद्दल लिहिलेलं असतं की नाजूक पीक आहे, हळू फिरवा, फट मोकळी ठेवा. आम्ही हळू फिरवलं, फट मोकळी ठेवली, आणि निम्म्या शेंगा जशाच्या तशा मागून बाहेर आल्या. न फुटलेल्या, चिवट, शिजवलेल्या वालाच्या शेंगेसारख्या वाकणाऱ्या.

"हे नाजूक?" तो म्हणाला. "हे तर माझ्या सासऱ्यासारखं आहे. सोडतच नाही काही."

फेरे वाढवले. आणखी वाढवले. फट आवळली. मग शेंगा सुटायला लागल्या. परातीत दाणे आले, गोल, पिवळे, अखंड. निवडायला बसलेल्यांना फुटका दाणा शोधून सापडेना. त्याने डोळे उघडले. "हां. आता बोलायला लागला." मी गेज बाहेर काढलं, आकडा लिहिला. आमचे दोघांचे आकडे पुन्हा जुळले. पुस्तकापेक्षा बरेच वर होते, पण पुस्तकं परदेशी सोयाबीनवर लिहिलेली असतात असं शेठ म्हणाले, आणि आपलं सोयाबीन स्वभावाने कणखर आहे या कल्पनेने गाळ्यात सगळ्यांना थोडा अभिमानही वाटला. आमच्यातल्या एकानेही सोयाबीन शेतात उभं पाहिलेलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी भात झोडलं होतं, पण भात वेगळं.

घाटकोपरच्या एका हॉलमध्ये विक्रेत्यांचा मेळावा झाला. स्टेजवर कापडी फलक, त्यावर ड्रमचं चित्र, चित्राला हार. शेठनी यंत्रयुगावर भाषण केलं आणि मग त्याला स्टेजवर बोलावून शाल नि श्रीफळ दिलं. शाल जरीची होती. ती त्याच्या खांद्यावर अशी काही बसली की जणू तो जन्मतःच तिच्यासाठी दोन खांदे घेऊन आला होता. मला एकदा दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल गुच्छ मिळाला होता. तो घरी पोचेपर्यंत टेबलफॅनपुढे धरल्यासारखा झाला होता.

"पुढच्या आठवड्यात," शेठ माइकमध्ये म्हणाले, "मराठवाड्यात, शेतात डेमो. चारशे शेतकरी येणार. आमचा डॉक्टर स्वतः ड्रम लावणार. आणि तो डेमो झाला की आपल्या ट्रेनिंग विभागाचं नाव मी जाहीर करणार."

विभागाचं नाव नव्हे, विभागाच्या प्रमुखाचं नाव, असं त्यांना म्हणायचं होतं. ते सगळ्यांना कळलं. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या, हात रिकामे होते.

खाली येऊन त्याने मला गाठलं. शाल अजून खांद्यावर.

"चल ना रे तू पण. सोबत होईल."

"मी काय करणार तिथे?"

"गेज धर. तू गेज धरलंस की मला बरं वाटतं."

"तुला गेज कशाला लागतं? तुझा हात आहे ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "जळतोस काय रे मेल्या?"

"नाही."

"जळ. काही हरकत नाही. मीपण जळलो असतो." आणि माझ्या पाठीवर थाप मारून तो फोटो काढायला गेला. माणसाने आपल्यावर जळू द्यायचं तर निदान थोडा वाईट असावं. त्यानेही हे सुख मला दिलं नाही.

मी गेलो नाही. कारण दिलं, की पुस्तिका पूर्ण करायची आहे.

डेमोच्या दिवशी शेठ आणि तो शेतात, बाकीचे आम्ही मुलुंडला. गाळ्यातल्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि शेतातून कोणीतरी फोनवरून थेट दाखवत होतं. चित्र हलत होतं. पिवळं-तपकिरी शेत, झगझगीत ऊन, हार्वेस्टरच्या अंगावर आमचा फलक, गर्दी. तो हार्वेस्टरच्या कुशीशी उभा होता, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. ड्रम आमच्या तक्त्याप्रमाणे लावलेला होता. त्याने पत्र्यावर हात ठेवला. डोळे मिटले. चारशे माणसं गप्प झाली. हे मला मान्य करावंच लागेल. मी बोलायला लागलो की माणसं घड्याळ बघतात.

यंत्र चालू झालं, त्याच्या हाताखालून निघून शेताचा एक पट्टा कापत गेलं, थांबलं; तो तसाच डोळे मिटून उभा. कोणीतरी टाकीतून दाणे काढून त्याच्या ओंजळीत दिले. त्याने डोळे उघडले, ओंजळीकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही.

हिशेबाच्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. "बोलत का नाही तो?" त्यांनी विचारलं.

मला कळलं होतं. कॅमेरा जवळ गेला तेव्हा सगळ्यांना कळलं. ओंजळीत सोयाबीन नव्हतं, सोयाबीनची डाळ होती. मागून काडात शेंग शोधून सापडत नव्हती, सगळ्या फुटल्या होत्या, आणि दाण्यांचेही दोन दोन तुकडे झाले होते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "साहेब, भरडायची चक्की आणलीये का?" गर्दी हसली. शेठ दिसले, ते हसत नव्हते.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं त्याला चांगला शब्द नाही. मुलुंडच्या त्या गाळ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, वर्षानुवर्षांचं एक ओझं खाली उतरलं. तो चुकला होता. चारशे माणसांसमोर, शालीसकट. मग माझ्या लक्षात आलं की तो आमच्या तक्त्यावर चुकला होता, आणि तक्ता माझ्या गेजचा होता.

फोन वाजला. तोच होता. टीव्हीवर तो पाठमोरा, फोन कानाला लावलेला. आवाज माझ्या कानात.

"अरे, तुझा आकडा काय होता?"

"तुझाच."

"म्हणजे?"

"तू ज्याच्यावर हात ठेवलास तोच. माझ्या गेजनेही तोच सांगितला. तू पण होतास तिथे."

"वाट लागली यार. इथे सगळी डाळ होतेय. हे वेगळंच सोयाबीन आहे."

मला गप्प बसता आलं असतं. 'मला कसं कळणार इथून' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी फोन तसाच धरून पोटमाळ्याच्या जिन्याखाली गेलो, तिथे पेंढीतून गळून पडलेली एक शेंग होती, ती उचलली आणि दोन बोटांनी दाबली. ती वाकली. तुटली नाही. सोडल्यावर परत सरळ झाली.

"तिथली शेंग दाब," मी म्हणालो.

"काय?"

"शेंग घे एक. दाब."

फोनमधून आवाज आला. तड् असा, कोरडा, पापड मोडल्यासारखा.

"फुटली," तो म्हणाला. "हातात आली नुसती."

"इथली वाकते."

मुलुंडला एका बाजूला खाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला जंगल. आमच्याकडे काड्यापेटी पेटत नाही, मीठ बरणीतून पडत नाही. पेंढ्या त्या हवेत पोटमाळ्यावर दिवसेंदिवस पडून होत्या. आणि आम्ही सगळेच त्या हवेत जन्मल्यापासून पडून होतो, त्यामुळे मऊ पडलेली शेंग ही आम्हाला नेहमीचीच शेंग वाटली. कणखर स्वभाव वगैरे काही नव्हतं. आम्ही आमची खाडीकडची हवा तक्त्यात बसवून मराठवाड्याच्या उन्हात पाठवली होती.

यात आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. माझ्या पुस्तिकेच्या मसुद्यात, सातव्या प्रकरणाच्या शेवटी, एक वाक्य होतं: 'पिकातील ओलाव्यानुसार फेऱ्यांत व फटीत योग्य तो बदल करावा.' असं वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असतं. मी ते शुद्ध मराठीत लिहिलं होतं, पूर्णविराम दिला होता, आणि मग पेंढ्यांना हात न लावता फेरे मोजायला बसलो होतो.

"फेरे उतरव," मी म्हणालो. "बरेच उतरव. पुस्तकात दिलेत तिथपर्यंत. फट मोकळी कर. आणि ऊन कललं की पुन्हा बघ, शेंग मऊ पडेल."

"नक्की?"

"मी मोजलेलं नाही. पण नक्की."

मी का सांगितलं याचा नंतर मी विचार केला. मोठं मन वगैरे नव्हतं. त्याच्या हाताला जे कळलं नाही ते मला कळलं होतं, आणि मी ते सांगितलं नसतं तर मला ते कळलं होतं हे जगात कोणालाच कळलं नसतं.

फोन बंद झाला. मी टीव्हीसमोर परत आलो, तिथे तो वळला. हिशेबाच्या बाईंनी आवाज वाढवला. त्याने ओंजळीतली डाळ गर्दीसमोर उंच धरली.

"बघा," तो म्हणाला. "ही माझी चूक. बघून घ्या सगळ्यांनी. मी मुंबईहून ड्रम लावून आणला. मुंबईत हवेला पाणी आहे. तुमच्या उन्हाला मी विचारलंच नाही." तो थांबला. त्याला थांबता येतं. "आत्ता मला मशीनने सांगितलं. पीक बदललं की ड्रम बदला, असं सगळे शिकवतात. मी तुम्हाला सांगतो, ऊन बदललं की ड्रम बदला."

म्हातारा पुढे आला आणि त्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

मशीनने! मी टीव्हीसमोर उभा होतो, शेंग अजून बोटांत होती.

पुढचं कोणालाही सांगता येईल. फेरे उतरवले, फट मोकळी झाली, दुसऱ्या पट्ट्याचे दाणे अखंड आले, म्हाताऱ्याने ते स्वतः उपरण्यात घेऊन लोकांना दाखवले. चूक न करता तो डेमो झाला असता तर लोकांनी टाळ्या वाजवून जेवायला गर्दी केली असती. चूक झाल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत थांबले, कलत्या उन्हात शेंगा दाबून बघत. माझ्या बायकोच्या शाळेच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ आला. त्यात 'ऊन बदललं की' हे वाक्य खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मागे बासरी होती.

"किती प्रामाणिक आहे ना रे," बायको म्हणाली. "सरळ चूक कबूल केली."

"फोन मी केला होता. म्हणजे त्याने केला. सांगितलं मी."

"हो का? मग व्हिडिओत का नाही?"

"मी मुलुंडला होतो."

"जायला हवं होतंस ना मग," ती म्हणाली. तिचं चूक नव्हतं.

तो परत आल्यावर मी विषय काढला नाही. त्यानेच काढला, टेबलाच्या पलीकडून, डबा उघडता उघडता.

"तुझं नाव घेणार होतो रे. खरंच."

"घ्यायचं."

"काय सांगणार? मुलुंडहून एकाचा फोन आला, तो जिन्याखाली शेंग दाबतोय? लोक उठून गेले असते. मशीन म्हटलं की ऐकतात." त्याने डब्यातली सोलकढीची छोटी बाटली माझ्याकडे सरकवली. "घे. आईने तुझ्यासाठी वेगळी दिलीय."

मी घेतली. सोलकढी उत्तम होती. याही बाबतीत त्याच्या घराण्याचा हात धरायला कोणी नाही.

महिन्याअखेर शेठनी त्याला प्रमुख केलं. मी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि घरी येऊन तीन दिवस बायकोशी फारसं बोललो नाही, जणू तिनेच नेमणूक केली होती. गाळ्यात पुढच्या बाजूला त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली. फिरती खुर्ची, एसी, दारावर पितळी पाटी. शेठनी नारळ फोडला. माझ्या पुस्तिकेच्या सातव्या प्रकरणातलं ते वाक्य काढून त्या जागी 'ऊन बदललं की ड्रम बदला' हे छापायचं ठरलं. प्रुफं मीच तपासली. चूक नव्हती, म्हणून सोडलं.

मग नव्या पेंढ्या आल्या. आधी उशिराचं सोयाबीन, पुढे हरभरा. आता सगळा तक्ता पुन्हा करायचा होता आणि आता सगळ्यांना माहीत होतं की पीक पोटमाळ्यावर ठेवलं की मऊ पडतं. शेठनी विचारलं, कोरड्या हवेत ठेवायचं तर कुठे ठेवायचं? गाळ्यात एसी एकाच खोलीत होता.

त्याने तक्रार केली नाही. उलट स्वतःच पेंढ्या आत लावून घेतल्या, व्यवस्थित, भिंतीला टेकवून, आणि फिरती खुर्ची बाहेर ओढून आणली. आता तो पूर्वीसारखाच माझ्या टेबलाच्या पलीकडे बसतो. पाहुणे आले की शेठ त्यांना केबिन दाखवतात. पाटीवर त्याचं नाव आणि हुद्दा आहे. आत सोयाबीन आहे.